बिनफोडणीचा पाला

माळेवाडी, व्हाया शिरूर कासार
दि. ८ जानेवारी १९८७

ती. सौ. आक्का यांचे सेवेशी,
धाकटा भाऊ जालिंदर याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, तेव्हा क्षेम हा शब्द मी सवयीने लिहिला, तूही तो तेवढाच मनावर घे. रब्बी उभी वाळली. निम्मं गाव उसाला गेलं. आपला गहिनीनाथ आणि सूनबाईसुद्धा टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेलेत. पोरगी सरू आमच्यापाशी ठेवली. चेअरमनचा पोरगा कोयता घेऊन गेला म्हणून काही लोकांनी तोंडं वाकडी केली. ज्यांची स्वतःची पोरं पारावर पत्ते कुटतात त्यांच्या तोंडांना मी भीक घालत नाही.

पण आपली दूध संस्था या दुष्काळातही ताठ उभी आहे, आणि ती कोणामुळे उभी आहे हे मी माझ्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही. दिवाळी झाल्यावर गावातले सगळे म्हैसवाले बाप्ये घेऊन नारायणगडावर गेलतो. तिथे एकेकाने बेलभंडारा उचलला, की पाऊस पडेपर्यंत दुधाचा थेंब घरात ठेवणार नाही, सगळं दूध संस्थेच्या कॅनमध्ये घालीन. दुष्काळात ज्या संस्थेचं दूध घटणार नाही तिला मार्चअखेर जिल्हा दूध संघाकडून चांदीची ढाल मिळणार आहे. दुसरा उमेदवार म्हणजे पलीकडच्या वाडीचा धोंडीराम. त्याच्या दुधात म्हशीपेक्षा हापशाचा वाटा जास्त असतो, हे त्याच्या म्हशीलाही ठाऊक आहे.

माझी प्रकृती उत्तम. मागे छातीत कळ आली तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी खाण्यावर ताबा ठेवायला सांगितलं, तो मी असा ठेवला की पोट पाठीला लागलं. तू एवढी नर्स, दिवसभर लोकांना शहाणपण शिकवतेस, पण मागच्या राखीला आलीस तेव्हा तुझ्या वजनाने आपली बाज कुरकुरत होती. असो, मोठ्या बहिणीला जास्त बोलू नये.

सरूने मात्र अलीकडे एक नवं सोंग काढलंय. दिवस मावळला की आंधळ्यासारखी चाचपडते. परवा भरल्या कॅनला धडकली, ओट्यावर दुधाचा पाट. दिसत नाही म्हणते. तीच पोरगी सकाळी मातीत पडलेली सुई शोधून देते. मी एक ठेवून दिली. आईबाप जवळ नाहीत म्हणून लाड करून घ्यायचे, दुसरं काय.

कळावे. लोभ आहेच, सरकारी नोकरीच्या उन्हात तो वाळू देऊ नकोस.

तुझा,
जालिंदर
चेअरमन

*

वडवणी
दि. १५ जानेवारी १९८७

चि. जालिंदर यास,
मुक्ताआक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल तीळगूळ वाटताना आलं. सही पाहून हसू आलं. बहिणीला लिहिलेल्या पत्राखाली चेअरमन असं लिहिणारा भाऊ सबंध जिल्ह्यात मला एकटीलाच मिळाला असावा. उद्या आरशात बघून स्वतःला नमस्कार घालशील.

तुझ्या म्हशी, तुझी ढाल आणि तुझा धोंडीराम बाजूला ठेव, सरूचं ऐक. ते सोंग नाही. सकाळी सुई दिसते आणि दिवेलागणीला कॅन दिसत नाही, याला रातांधळेपण म्हणतात. हे मी गेली सगळी नोकरी पाहत आले. ज्या पोरीला दिसत नाही तिला न दिसल्याबद्दल मारणारा माणूस गाव चालवतो, हे वाचून मला तुझी नाही, गावाची दया आली.

उजेडात नेऊन तिच्या डोळ्याचं पांढरं नीट बघ. तिथे कोरडा, फेसाळ ठिपका दिसला तर उशीर होतोय असं समज. त्याच्यापुढे काळं बुबुळ मऊ पडतं आणि मग कुठल्याही डॉक्टरला ते परत आणता येत नाही. पोरीला पहिल्या गाडीने माझ्याकडे घेऊन ये, औषध मी माझ्या हाताने पाजते. तोवर तिला रोज शेवग्याचा पाला, तांदुळजा, मिळालं तर गाजर दे. पाण्याविना जगणारा शेवगा परड्यात उभा आहे, त्याचा पाला ओरबाडायला काही ठराव पास करावा लागत नाही.

आणि तुझ्या बायकोला, केशरला सांग, की तिचा मला राग आला आहे. सून कामाला गेलीय, घरात एक नात, तिच्या ताटात चार पानं पडत नसतील तर ही बाई दिवसभर करते काय. एवढा आळस बरा नव्हे.

कळावे. आशीर्वाद पोरीला सगळे, तुला अर्धे.

मुक्ता

*

माळेवाडी
दि. २८ जानेवारी १९८७

ती. सौ. आक्का यांचे सेवेशी,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घरात मोठ्याने वाचलं नाही, कारण चेअरमनचाही काही मान असतो.

तुझ्या हुकमाप्रमाणे सरूला दोन्ही वेळा पाला चालू केला. पोर शेळीसारखी पाला खाते. इतके दिवस झाले, फरक शून्य. उलट आता दिवेलागणीच्या आधीच चुलीजवळ जाऊन बसते आणि उठत नाही. पाल्यात एवढा दम असता तर आपली शेळी रात्री पेपर वाचत बसली असती. तुमच्या खात्याची पुस्तकं कोण लिहितं हे एकदा बघितलं पाहिजे. ज्याने जन्मात शेवगा पाहिला नाही असा कोणी मुंबईचा साहेब असावा.

डोळ्यात ठिपका आहे, नाही असं नाही. पण धुरळा किती आहे हे तू वडवणीत बसून काय जाणणार. आमच्याकडे माणसापेक्षा धूळ जास्त. पोरीला घेऊन वडवणीला यायचं तर एक अख्खा दिवस जातो. सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप माझ्या डोळ्यांसमोर होतं म्हणून ही संस्था चाललीय. मी एक दिवस नसलो की सेक्रेटरी कोणाची तरी कासंडी जास्त मोजतो. मार्च झाल्यावर बघू.

केशरला तुझा निरोप सांगितला. ती काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही, हा तिचा मोठा गुण आहे आणि तो आपल्या घराण्यातल्या बायकांनी घेण्यासारखा आहे.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
जालिंदर
(चेअरमन लिहिलं नाही. आता तुझं पोट भरलं असेल.)

*

माळेवाडी
दि. ४ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. आक्का यांस,
केशरचा पाया पडून नमस्कार. वि. वि.

मी चवथीपर्यंत शिकलेली, अक्षर वाकडं हाय, समजून घ्या. हे पत्र तुमच्या भावाला म्हाईत न्हाई. शाळेजवळच्या पेटीत मी आपल्या हातानं टाकणार हाय.

आक्का, तुमी मला आळशी म्हणलात ते लई लागलं. रात्री जेवण गेलं न्हाई. पाला मी रोज घालते, दोन्ही टायमाला. पर मिठाच्या पाण्यात उकडून घालते, कावून की आमच्या घरात फोडणी बंद हाय. दिवाळीपासनं बंद हाय. यांना डॉक्टरनं खाण्याचं काय सांगितलं ते मला कळलं न्हाई, मी बाहेर बाकड्यावर बसलते. घरी आल्यावर यांनी मातूर सांगितलं, की तेल म्हंजी विष, आजपासनं या घरात तेलाचा थेंब चालायचा न्हाई, मलाबी न्हाई आन कुणालाबी न्हाई. मी म्हणलं पोरीला तरी. तर म्हणले, विष म्हंजी विष, लहान काय आन मोठं काय.

करडीच्या तेलाचा भरला डबा होता, तो उचलून संस्थेच्या खोलीत नेला. दुधातली फॅट तपासायचं हातानं फिरवायचं यंत्र हाय, त्याच्या चाकाला आता ते तेल घालत्यात. चाक लई गुळगुळीत फिरतंय. शेंगदाणे म्हशीच्या पेंडीत कुटून घातले. जवसाची चटणी केली ती सुंदरबाईला देऊन टाकायला लावली. दूध तर काय गडावर बेल उचलल्यापासनं समदंच जातंय. दूध न्हाई तर ताक न्हाई, ताक न्हाई तर लोणी न्हाई. म्हशीला सकाळी सरकीची पेंड, संध्याकाळी सरकीची पेंड. पोरीला पाणीपाला.

पोर आता भिंत धरून चालती. डोळ्याच्या पांढऱ्यात साबणाच्या फेसासारखं हाय, पुसलं तर जात न्हाई. रात्री माझ्या कुशीत येऊन विचारती, की समद्यांनाच अंधारात दिसत न्हाई का मलाच. मी काय सांगू. उसावरनं सून आली आन पोर अशी पाहिली तर तिला कोणतं तोंड दावू. तिनं पोर माझ्या वट्यात टाकलीय, यांच्या न्हाई.

तुमी या. पर मी बोलावलं असं म्हणू नका. चूकभूल पदरात घ्या आन माया हाय तशी असू द्या.

तुमची,
केशर

*

वडवणी
दि. १६ फेब्रुवारी १९८७

जालिंदर,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, तो पुढच्या पत्रात बघू.

रविवारी मी अचानक तुझ्या घरी आले होते हे तुला समजलंच असेल. तू बीडला संघाच्या बैठकीला गेला होतास म्हणून वाचलास. सरूला औषध पाजलं, डोळे पाहिले. बुबुळ अजून शाबूत आहे, हे तुझं नशीब नाही, तिचं आहे. मग तिच्या ताटात बसून मी तुझ्या घरचं जेवले. पाला उकडून मिठाच्या पाण्यात सोडलेला. तो खाताना मला वाटलं, की तुरुंगात गेले असते तर याहून बरं मिळालं असतं. तिथे निदान फोडणी देतात. केशरला मी आळशी म्हटलं होतं, तिची मी तिथेच क्षमा मागितली. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही.

आता हे नीट वाच, दोनदा वाच, हवं तर तुझ्या संचालक मंडळापुढे वाच. पाल्यात, गाजरात डोळ्याला लागणारं जे असतं ते तेलातुपाचा हात धरल्याशिवाय अंगात शिरत नाही. तू पोरीला रोज दोन वेळा पाला चारलास आणि तो जसा आला तसा गेला. शेळीला ते जमतं, कारण ती शेळी आहे. माणसाच्या पोराला नुसत्या पाल्यावर ठेवून वर आरोग्यखात्याची टिंगल करणारा तू पहिलाच. मी पाजलेलं औषध काही महिने टिकेल. ताट असंच कोरडं राहिलं तर डोळे पुन्हा तिथेच जातील, आणि दर वेळी मी बसने येऊन बुबुळ वाचवेन असा भरवसा मी देत नाही.

त्या डॉक्टरांना मी जाऊन भेटले. भला माणूस आहे, तुझं नाव ऐकून आठवला, कारण तू म्हणे तपासून घेण्याआधी त्यांना संस्थेचं दूध कसं पाणी न घातलेलं असतं हे सांगत बसला होतास. त्यांनी तुला तळलेलं कमी कर, डालडा सोड, तुपाचा हात आवर असं सांगितलं होतं. करडीचं तेल बेताने चालेल, जवस खा, चार शेंगदाणे खा असंही सांगितलं होतं. यातलं तू काय ऐकलंस तर तेल विष आहे. तुझ्या छातीचं पथ्य तू सहा वर्षांच्या पोरीला लावलंस. तुझ्या चष्म्याचा नंबरही घरातल्या सगळ्यांना लावून टाक, एकाच खर्चात होईल.

वाढत्या पोराला स्निग्ध लागतं. हाडाला लागतं, मेंदूला लागतं, डोळ्याला लागतं. ते डोंगराएवढं नको. पाल्याला करडीची फोडणी, भाकरीबरोबर जवसाची नाहीतर कारळाची चटणी, मूठभर शेंगदाणे आणि एक पेला सायीसकट दूध. तू स्वतः तूप खाऊ नकोस, मी कधी खा म्हटलं. पण आज तुझ्या घरात तेल खातं कोण तर यंत्राचं चाक, पेंड खातं कोण तर म्हैस. तुझ्या घरी जन्म घ्यायचा असेल तर माणसाने म्हशीचा घ्यावा, तिची आबाळ होत नाही.

हे सगळं तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायला अक्कल लागते.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, पत्रोत्तरी वाढवू नकोस.

मुक्ता

*

माळेवाडी
दि. २५ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. आक्का यांचे सेवेशी,
नमस्कार. वि. वि.

तू आशीर्वाद लिहिला नाहीस, मी नमस्कार लिहिला. आपल्या दोघांत वळण कोणाला आहे हे लोकांनी ठरवावं.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी माझ्या कानाने ऐकलं. आता ते तुला काही वेगळं सांगत असतील तर नर्सबाई समोर उभी राहिल्यावर माणूस काय करणार, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. तरी वाद नको म्हणून तेलाचा डबा मी घरी परत आणला आहे. फोडणीला परवानगी दिली आहे. केशरने त्याच दिवशी पाल्याला फोडणी घातली, वास गल्लीभर गेला. मी माझा उकडलेलाच खाल्ला. तू म्हणशील हट्टी आहे. आहे.

दुधाचं मात्र नाव काढू नकोस. एक पेला म्हणायला सोपं आहे. चेअरमनच्या घरी एक पेला राहिला की दुसऱ्या दिवशी शेजारी एक तांब्या राहतो, तिसऱ्या दिवशी गावात कासंड्या राहतात. या दुधावर गावात ज्वारी येते. पेंड येते. ज्यांची माणसं उसाला गेली नाहीत ती या कॅनमुळे गेली नाहीत. नुसत्या सायीवर गाव जगत नसतं. तुला महिन्याला पगार मिळतो, पाऊस पडो न पडो, तेव्हा तुला हे कळणार नाही आणि तुझा तो दोष नाही.

शिवाय बेलभंडारा उचलला आहे. सगळ्या गावाने उचलला आहे, आणि सगळ्यांत आधी मी उचलला. मी शपथ मोडली तर उद्या या गावात माझ्या शब्दाला कुत्रं विचारणार नाही. ढाल एकदा ओसरीवर लागू दे, मग सरूला बादलीभर दूध पाजीन. मार्च काही लांब नाही. इतके दिवस दम काढला, अजून थोडा काढेल.

धोंडीराम गावोगाव सांगत फिरतोय, की माळेवाडीची पोरं दुधावाचून वाळली. त्याला पोरांचा एवढा कळवळा कधीपासून आला. त्याची स्वतःची पोरं बापाला ओळखून आहेत, जेवायलासुद्धा मामाकडे जातात.

कळावे. तुझी माया माझ्यावर असावी असा माझा आग्रह नाही, सरूवर असू दे.

जालिंदर

*

माळेवाडी
दि. १२ मार्च १९८७

ती. सौ. आक्का यांस,
केशरचा नमस्कार. वि. वि.

आता हे पत्र चोरून लिहीत न्हाई, ओट्यावर बसून लिहिते हाय. तुमचे भाऊ समोरनं दोनदा गेले. इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई.

त्याचं असं झालं. फोडणी चालू झाल्यावर पोरगी जरा बरी वाटली. औषधाचाबी गुण असंल. पर दूध न्हाईच. मागल्या आठवड्यात एक दिस सांजच्याला मी धार काढीत होते, सरू म्हशीपाशी माझ्या पाठीला धरून उभी होती. म्हणली, आजी, मला वास येतोय, चव कशी असती ते मी इसरले. आक्का, मी तशीच बसले. म्हशीनं पाय हलवला तरी मला कळलं न्हाई. बारा महिने धार काढणारी मी, आन माझ्या घरातली पोर चव इसरली.

मग माझ्या डोक्यात आलं, की बेल उचलायला कोण गेलतं. बाप्ये गेलते. ट्रॅक्टर भरून बाप्ये गेलते, आमाला कुणी चला म्हणलं न्हाई. म्हशीला पाणी आमी आणतो दीड कोसावरनं, शेण आमी काढतो, धार आमी काढतो. यांच्यातल्या निम्म्यांना म्हैस आंगाला हात लावू देत न्हाई. मग शपथ त्यांची हाय. त्यांनी त्यांच्या हातानं काढलेलं दूध समदं घालावं, थेंबबी ठेवू नये, माझी काय हरकत न्हाई. माझ्या हातानं तर मी बेल शिवलेला न्हाई.

सकाळचं दूध कॅनला घातलं. सांजचं ठेवलं. पोरीला पेलाभर सायीसकट दिलं, बाकीचं विरजलं. दुसऱ्या दिशी माळ्यावरनं डेरा काढला, रवी धुतली आन घुसळायला ओट्यावर बसले. आत बसले असते तर चोरी झाली असती. कॅनची गाडी निघायच्या टायमाला बसले. समद्यांनी बघितलं. तुमचे भाऊ बघून पांढरे पडले. म्हणले, शपथ मोडली. मी म्हणलं, तुमची तुमच्यापाशी शाबूत हाय.

सुंदरबाई शेजारची, ती आधी बघत उभी राहिली. मग म्हणली मीबी गेले नव्हते गडावर. दुसऱ्या दिशी तिच्या ओट्यावर डेरा. मग समोरच्या छबुबाईच्या. आता सकाळी समद्या गल्लीत घुसळल्याचा आवाज येतोय. कुणी समदं दूध ठेवत न्हाई, आमालाबी ज्वारी लागती, आमी काय खुळ्या न्हाईत. लेकरापुरतं ठेवतो. पर कॅन भरत न्हाई, ते खरं हाय.

हे माझ्याशी बोलत न्हाईत. जेवायला वाढलं तर ताट वळून घेत्यात. काल ताकाचा वास आला म्हणून उठून गेले. डॉक्टरनं ताक नको म्हणलं नव्हतं ना, तेवढं कळवा. माया असंल तशीच राहू द्या, आता मलाबी तिचा आधार लागतोय.

तुमची,
केशर

*

वडवणी
दि. १८ मार्च १९८७

चि. सौ. केशर हीस,
आक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी इथल्या सगळ्या नर्सबायांना वाचून दाखवलं. ट्रॅक्टरमध्ये बायकांना जागा नव्हती हे किती बरं झालं असं एकजण म्हणाली. मी इतकी वर्षं गावोगाव भिंतीला तक्ते लावून बोलत हिंडले, बोलून एका गल्लीत रवी फिरली असं कधी झालं नाही.

ताक त्याला खुशाल दे, लोणी काढलेलं ताक छातीला चांगलं. घेत नसेल तर शेजारी ठेवून निघून जा. तो लहानपणीही असाच होता, कोणी बघत नसलं की खायचा.

पोरीचे डोळे रोज उजेडात बघत जा. ठिपका जायला वेळ लागतो, घाबरू नकोस. दिवेलागणीला अंगणात उभी करून लांबून बोट दाखव आणि किती ते विचार. दिसलं की मला कार्ड टाक. तेवढ्यासाठी मी रोज पोस्टमनची वाट बघते, आणि हे माझ्या भावाला सांगू नकोस, त्याला वाटेल मी त्याच्या पत्राची वाट बघते.

कळावे. तुझ्यावरचा लोभ हा कागदावर मावणार नाही म्हणून लिहीत नाही.

तुझी,
मुक्ताआक्का

*

माळेवाडी
दि. २ एप्रिल १९८७

ती. सौ. आक्का यांचे सेवेशी,
जालिंदरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अभिनंदन. ढाल धोंडीरामला मिळाली. समारंभ मोठा झाला. त्याने भाषणात सहकाराचं महत्त्व सांगितलं. ज्या माणसाने सख्ख्या भावाबरोबर कधी एक बैलजोडी जुंपली नाही तो सहकारावर बोलत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. हार घालताना त्याने माझ्याकडे बघून विचारलं, की तुमच्या गावात हल्ली लोणी लई झालंय म्हणे. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

तुझ्या मनासारखं झालं. तू आणि केशर मिळून माझी संस्था बसवलीत. अजून अगदी बसली नाही, कॅन पाऊण भरतो, पण शेवटी पाऊणच. गावात लोक मला पाहून बोलायचं थांबतात. शपथेचं म्हणशील तर मी दोन दिवस स्वतः धार काढायला बसलो, की माझ्या हातचं तरी दूध सगळं कॅनला जाईल. दुसऱ्या दिवशी म्हशीने लाथ मारली. मांडीवर अजून काळं आहे. तू हसशील, हस. केशर हसली नाही, तिने लेप लावला. तिचं न हसणं जास्त झोंबलं.

समारंभाहून शिरूरच्या गाडीने आलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. घरात गेलोच नाही. कोणाचं तोंड बघायचं नव्हतं. गोठ्याच्या पलीकडे कडब्याची गंज आहे, तिच्या आडोशाला खाली मातीत बसलो. तिथे कोणी येत नाही आणि दिवा पोचत नाही. अंधार असा होता, की मला माझं धोतर दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं, आक्का. ढालीचं वाटलं, धोंडीरामचं वाटलं. मग ती कॅनवर धडकलेली पोर आठवली आणि मी तिला ठेवून दिलेली ती चापट आठवली, मग ढालीचं काही वाटेना, तेच वाटत राहिलं. पुरुषासारखा पुरुष, पण तोंडात उपरणं कोंबून बसलो.

तेवढ्यात ओसरीवरून सरूचा आवाज आला. तिने आजीला हाका मारून सांगितलं, की आज्या तिकडे गंजीपाशी बसलेत आणि डोळे पुसायलेत. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. सुंदरबाई बाहेर आली, छबुबाई बाहेर आली. कोणालाच काही दिसत नव्हतं, कंदील आणा म्हणत होत्या. सरू तशीच कंदिलाशिवाय अंगण ओलांडून आली, मधली दावण चुकवली, बादली चुकवली, आणि माझ्यासमोर उभी राहून विचारू लागली, की तुम्ही कावून रडायलात.

एवढ्या अंधारात माणसाने चार अश्रू गाळले तर ते या घरात झाकून राहत नाहीत. पोरगी चुगलखोर निघाली, थेट तुझ्यावर गेली. तुला कार्ड टाक म्हणून केशर मागे लागली होती, तिला म्हटलं हे मीच लिहितो.

कळावे. लोभ वाढवलास तरी आता चालेल.

तुझा,
जालिंदर